जोमाआज्याचा जिताडा

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या काठाला लेक दिली की आईनं वर्षभर तिकडच्या चुलींचा धूर बघून समाधान मानायचं, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका. मला माझ्या सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. माझ्या सासूनं उभ्या जन्मात माझ्याशी गोड तोंडानं बोललेली ही एकच गोष्ट, म्हणून ती मी जपून ठेवलीय. तुम्हीही नीट ऐका. आणि मध्येच पुढं काय झालं, पुढं काय झालं करू नका. पुढचं पुढंच येणार आहे.

तर फार वर्षांपूर्वी आपल्या ह्या तिवरखार गावात जोमा नावाचा एक कोळी होता. घर अगदी बांधाला लागून, आता जाळी वाळत घालतात ना, तिथं. बायको ठमी आणि एकुलती एक लेक येसू. गावात होडी दुरुस्त करायची ती जोमानं आणि गळ वळायचा तोही जोमानं. खाडीच्या दोन्ही काठांवर त्याच्या हातचा गळ नाही असं एक घर नव्हतं, असं म्हणतात.

गळ म्हणजे काय, वाकडी केलेली तार, असं तुम्हाला वाटत असेल. मग करा बरं एखादा. जोमा लोहाराकडून तार आणायचा, तापवून लाल करायचा, वळायचा, टोक कानशीनं घासायचा आणि मग पुन्हा तापवून तेलात बुडवायचा. पाण्यात नाही. पाण्यात बुडवलेला गळ कडक होतो खरा, पण मोठा मासा लागला की मोडतो. तयार गळाचं टोक तो स्वतःच्या नखावर टेकवायचा. घसरलं तर पुन्हा कानस हातात, रुतलं तर पास. दोर सणाचा, मांडीवर पिळलेला आणि ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून तांबडा केलेला, म्हणजे खाऱ्या पाण्यात कुजत नाही. आणि गळाच्या वरचा हातभर तुकडा पितळेच्या तारेचा, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड कोयत्यासारखी असते. नुसता दोर लावलात तर एका हिसड्यात कापून मासा आपल्या वाटेनं जातो आणि तुम्ही बसता हात चोळत.

जिताडा कसा धरायचा तेही जोमानंच ह्या गावाला शिकवलं. जिवंत कोळंबी घ्यायची, गळ तिच्या शेपटीकडून ओवायचा, म्हणजे ती पाण्यात पोहत राहते. मेलेल्या आमिषाला मोठा जिताडा तोंड लावत नाही, त्याचे नखरे पाटलाच्या पाहुण्यासारखे. पहिला धक्का बसला की ओढायचं नाही. तो आधी चाखतो, मग तोंडात फिरवतो, मग गिळून वळतो. वळला की मगच हिसका. तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा दोर सैल सोडलात की गेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी वळायची वेळ. ओहोटी संपून भरती लागते, मध्ये पाणी जरा थबकतं आणि वळतं, तेव्हा जिताडा खातो. बाकीच्या वेळी तुम्ही त्याच्यापुढं सोन्याची कोळंबी नाचवलीत तरी तो डोळा उघडत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे.

आता होडीचं सांगते. मला बाईमाणसाला होडीतलं काय कळतं असं ज्याला वाटत असेल त्यानं उठून जावं. सासऱ्याच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही होड्यांना तेल मी दिलंय.

चैत्र सरता सरता होड्या पाण्यातून वर ओढायच्या. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे. मग होडी कलती करून तिच्या तळाशी पेंढ्याचा जाळ करायचा, लांबून, नुसती ऊब लागेल एवढा, म्हणजे लाकडात शिरलेली कीड मरते. मग उन्हात वाळू द्यायची. वैशाखाचं ऊन काय असतं तुम्हाला माहीतच आहे. फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आत बसलं तर फटींतून बाहेरची माणसं दिसतात. त्या फटींत कापूस घालायचा, वरून राळ आणि तेल. पण इथं खरी मेख आहे. कापूस ठोकून भरायचा नाही. जोमा तो अंगठ्यानं दाबायचा, सैल, उशीत भरतात तसा. मग होडीत दगड घालून तिला काठाशी पाण्यात चक्क बुडवायची आणि तशीच ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना भिडतात आणि कापूस आपोआप घट्ट होतो. मग वर काढा, पाणी उपसा, वर्षभर एक थेंब आत येणार नाही. पण कोरड्या होडीत कापूस ठोकून भरलात तर? आधी दिसायला छान. पाण्यात टाकली की एक थेंब येत नाही, माणूस खूश. मग लाकूड प्यायला लागतं. फुगायला लागतं. पण फुगायला जागाच नसते, मग फळी खिळे उचकटून बाहेर पडते. आणि ती काठावर असताना पडत नाही हो, मधल्या पाण्यात पडते.

म्हणून जोमाचा एकच नेम होता. पोटभर प्यायल्याशिवाय होडी सुटणार नाही. बुडवलेल्या होडीजवळ तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा, डोकं पाण्यात घालून फळीला कान लावायचा आणि वर येऊन सांगायचा, "अजून तहान हाय तिला." लाकडाचं पाणी पिणं त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. लोक घाई करायचे, हातापाया पडायचे, शिव्यासुद्धा द्यायचे. जोमा म्हणायचा, "नाय." दुसरा शब्द नाही. गावात पोरं एकमेकांना चिडवायची, जोमाचा नाय म्हणजे गावदेवीचा कौल, फिरायचा नाही. आणि तो मुकादम असो की मानकरी, कुणासाठी कधी फिरलाही नाही. फिरला तो एकदाच.

लेक येसू पलीकडच्या काठाला दिली होती, पदू नावाच्या कोळ्याला. पोरगा चांगला होता, हाताला जरा उतावळा, पण बायकोवर जीव टाकणारा. येसू पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली. तिला सातवा लागला, बाहेर वैशाखाचं ऊन, आणि तिच्या पोटात अन्न ठरेना. पेज घेतली की बाहेर, भाकरी घेतली की बाहेर. अंगाचं पार चिपाड झालं. सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि ठमीला बाजूला घेऊन म्हणाली, "प्वार आईचं हाड खातंय. असंच चाललं तर दोघांतलं एक नाय राहनार. जे मागंल ते घाला तिला, कसंबी करून घाला."

ठमीनं लेकीला विचारलं, बाय, काय खावंसं वाटतं? येसू अगदी बारीक आवाजात म्हणाली, "जिताड्याच्या डोक्याचं कालवन." एवढं बोलली आणि लाजून तोंडावर पदर घेतला, जणू काही चोरीच केली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग त्यात काय, कोळ्याच्या घरात माशाला काय तोटा. तर इथंच घोडं पेंड खातं. वैशाखात खाडीच्या कडेचं पाणी उथळ आणि कोमट. मोठा जिताडा तिथं फिरकत नाही, तो मधल्या खडकाच्या सावलीला खोल डोहात बसतो. तिथं जायला होडी पाहिजे. आणि गावच्या झाडून सगळ्या होड्या वर काढलेल्या, उन्हात तोंड उघडून पडलेल्या. पलीकडेही तेच. माणसांना पलीकडं नेणारी तरीची होडीसुद्धा वर होती. बायकोची चौकशी करायला पदू आला तो खाडीच्या वरच्या अंगाला जाऊन, उतारातून पाणी तुडवत, अर्धा दिवस चालून आला होता.

त्याला येसूनं काय मागितलं ते कळलं आणि तो सरळ जोमापुढं जाऊन उभा राहिला. "मामा, तुमची होडी द्या. मी जातो."

"नाय," जोमा म्हणाला.

"मग बुडवा आजच."

"बुडवली तरी प्यायला येळ लागंल तिला."

"आन तेवढा येळ येसूला हाय का?"

जोमा बांधावर जाऊन बसला. घरातून येसूच्या ओकण्याचा आवाज येत होता, नुसतं पाणी बाहेर पडत होतं, त्यात काही नव्हतं. ज्याला लाकडाची तहान ऐकू येते त्याला लेकीचं ओकणं ऐकू येणार नाही होय?

आणि मग गावाला हातोडीचा आवाज आला.

भर दुपार होती. माणसं घराबाहेर आली. जोमा होडीवर काम करतो तेव्हा आवाज येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. कापूस तो अंगठ्यानं दाबायचा ना. आणि आज ठक ठक, ठक ठक चाललं होतं. जोमा कोरड्या होडीच्या फटींत कापूस ठोकून भरत होता. ठमी ओट्यावर उभी राहून ऐकत होती. त्या आवाजाचा अर्थ तिला गावात सगळ्यांच्या आधी कळला असणार. पण तिनं थांब म्हटलं नाही. लेकीची आई होती ती, तिनं तरी काय बोलायचं?

होडी पाण्यात ढकलली तेव्हा तिच्यात एक थेंब आला नाही. पदू हसला. जोमा हसला नाही. त्यानं जावयाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सांगितलं, "पदू, ही होडी तहानलेली हाय. आता पानी प्यायला लागंल आन प्यायली की फुटंल. ओहोटी हाय तवर गळ टाक. मासा लागू दे नायतर नको लागू दे. भरती वळायच्या आत तुजा पाय हितं काठाला लागला पायजे. मना वचन दे."

पदूनं वचन दिलं. कोळंबी घेतली, जोमाच्या हातचा गळ घेतला आणि गेला.

आता मघाशी मी काय लक्षात ठेवा म्हणाले होते? जिताडा पाणी वळताना खातो. हेही जोमानंच शिकवलेलं. एकाच माणसानं शिकवलेल्या दोन गोष्टी, आणि एक पाळायची तर दुसरी मोडते. जोमाला तेव्हा हे सुचलं नसेल का? माझी सासू म्हणायची, सुचलं असणारच. पण बापाचं मन असं असतं की त्याला वाटतं, माझ्या लेकीसाठी आज मासा जरा लवकर खाईल.

माशानं काही लवकर खाल्लं नाही. पदू खडकाशी होडी लावून बसला. गळ टाकला, काढला, कोळंबी बदलली, पुन्हा टाकला. पाणी उतरत गेलं. बांधावर जोमा डोळ्यांवर हात धरून उभा होता आणि त्याच्यामागं सगळं गाव उभं होतं. पाणी थबकलं. आता निघायला हवं होतं. जोमानं हात हलवून खूण केली, परत ये, परत ये. पदूनं ती पाहिली. त्यानं स्वतःच पुढं आयुष्यभर सांगितलं की मी पाहिली, खोटं कशाला बोलू. त्यानं दोर गुंडाळायला घेतला, आणि तेवढ्यात दोराला हलकासा धक्का बसला.

मग तुम्ही काय केलं असतं सांगा. घरी बायको मरायला टेकलीय आणि ती ज्याच्यासाठी मरते तो दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

पदूनं ओढलं नाही. शिकवल्यासारखा थांबला. माशानं चाखलं, फिरवलं, गिळून तो वळला, आणि पदूनं हिसका दिला. तो जिताडा माणसाएवढा होता, असं म्हणतात. मी म्हणेन मोठ्या पोराएवढा तरी असेल. त्यानं पाण्याबाहेर उडी मारली तेव्हा बांधावरच्या लोकांना त्याची चांदी दिसली. मग त्यानं होडी ओढायला सुरुवात केली. भरती लागली होती, मासाही भरतीबरोबर आत पळत होता, आणि होडी गावापासून लांब लांब जाऊ लागली. पदूनं दोर सैल सोडला नाही. हाताची सालं निघाली तरी सोडला नाही. शेवटी मासा दमला, पदूनं तो कडेला घेतला आणि कल्ल्यात हात घालून वर ओढला. तो होडीत पडला आणि त्याच वेळी पायाखाली काहीतरी कडकन वाजलं.

तळाची फळी सुटली होती. पाणी फवाऱ्यासारखं नाही, एकदम घागर ओतल्यासारखं आत आलं. पदू अंगातली बंडी काढून फटीत कोंबायला लागला. एका हातानं पाणी उपसतोय, एका पायानं फळी दाबतोय. होडी खाली बसत चालली. ज्या ठिकाणी ती होती तिथं भरतीची ओढ अशी की चांगले चांगले पोहणारे तिथून काठाला आले नव्हते.

जोमानं डोक्याचं फडकं काढून ठमीच्या हातात दिलं. चालत चालत पाण्यात शिरला, पाणी गळ्याशी आलं तेव्हा त्यानं एकदा मागं वळून घराच्या दाराकडं पाहिलं, आणि डोकं खाली घातलं. गावानं त्याला पाहिलं ते एवढंच.

पुढचं पदूनं सांगितलेलं. तो म्हणायचा, होडी काठोकाठ भरत आली होती. मी येसूचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. आणि होडी बुडायची थांबली. सुटलेली फळी खालून वर सरकली, जागेवर जाऊन बसली, आणि तिथून पाणी यायचं बंद झालं. मी फटीवर हात ठेवला. फळीच्या पलीकडं काहीतरी टेकलं होतं. माणसाची पाठ टेकते तसं, आणि ते ऊबदार होतं. मग होडी चालायला लागली. वल्हं नाही, शीड नाही, भरती एकीकडं ओढतेय आणि होडी तिच्या उलट गावाकडं येतेय. सावकाश येत होती, कुणी खाली चिखलात पाय रोवून चालत असल्यासारखी.

बांधावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं, असं म्हणतात. होडीचं नाक काठाच्या चिखलाला लागलं. बापयमाणसं धावली, त्यांनी पदूला उचलला, होडी कलती करून बघितली. खाली कुणी नव्हतं. माणसांनी पाण्यात बुड्या मारल्या, पलीकडच्या काठापर्यंत शोधलं, ओहोटीला चिखल तुडवला. खाडीनं जोमा परत दिला नाही. काही म्हणतात, तो वाहून गेला. काही म्हणतात, तो अजून खालीच आहे, जिथं कुणाची फळी सुटेल तिथं पाठ लावायला. मला विचाराल तर मी दुसऱ्यांच्या बाजूची आहे. पटत नसेल तर सोडून द्या.

बायका रडायला लागल्या. ठमी रडली नाही. ती होडीजवळ गेली, आत पडलेला जिताडा बघितला, दोन्ही हातांनी उचलला आणि घराकडं चालू लागली. घरी जाऊन तिनं चूल पेटवली.

शेजारीण दारात आली. म्हणाली, "ठमे, जोमा गेला आन तू चूल पेटवतंस?"

ठमी मासा कापत होती. मान वर न करता म्हणाली, "माज्या पोरीला भूक लागलीय."

तिनं डोकं वेगळं केलं, चिंच घातली, मसाला घातला, कालवण उकळलं. वाडग्यात घेऊन लेकीपुढं बसली. येसूला सगळं कळलं होतं, कानाला काय दार असतं? तिनं तोंड फिरवलं. "माज्यामुलं बाबा गेला," म्हणाली. "मी मागितलं म्हनून गेला. मना नको ते."

ठमीनं तिचं तोंड आपल्याकडं वळवलं. "बाय, डव्हाळं कुनी ठरवून मागत नाय. तू मागितलंस त्यात काय चुकलं नाय. घाई आमी केली. आता रडायचं तर रड. पन खा. रडत खा."

येसूनं खाल्लं. रडत, ठसकत, आईच्या हातचा एक एक घास. आणि ते पोटात ठरलं. त्या दिवसापासून तिचं अन्न पोटात ठरायला लागलं. दिवस भरले, मुलगी झाली, गुटगुटीत. सुईण म्हणाली, हिच्या अंगाला जन्मताच खाडीचा वास आहे. सुइणी काय, काहीही म्हणतात.

पदू पुन्हा आपल्या गावी राहायला गेला नाही. तो सासूच्या घरी राहिला आणि जोमाच्या भट्टीवर बसून गळ करायला शिकला. ठमीनं कुंकू पुसलं नाही. कुणी टोकलं तर म्हणायची, मेलेला कुणी पाहिलाय का? आणि येसू मात्र गप्प गप्प झाली. पोरीला पाजायची, कामं करायची, पण खाडीच्या बाजूचं दार उघडायची नाही.

असं एक वर्ष गेलं. पुन्हा वैशाख आला, पुन्हा होड्या वर निघाल्या. शेजारणीची सून गर्भार होती. नवी पोर, वरच्या गावची. सासूनं विचारलं, काय खावंसं वाटतं गं? काही नको. आईनं निरोप पाठवून विचारलं. काही नको. पोर वाळत चालली, पण तोंडातून शब्द काढेना. मग येसूच्या ध्यानात आलं. जोमा गेल्यापासून गावात एकाही गर्भारशीनं काही मागितलं नव्हतं. सगळ्यांनी धसका घेतला होता. तोंडातून काही निघालं आणि घरचा माणूस पाण्यात गेला तर? त्यापेक्षा गिळून टाकलेलं बरं. माझ्या बापानं पाठ लावली ती ह्यासाठी लावली का, बायकांची तोंडं शिवून जावीत म्हणून? येसूला फार लागलं ते. ती त्या सुनेजवळ जाऊन बसली, तिचा हात धरला आणि दोघी पुष्कळ रडल्या. वर्षभरात येसू पहिल्यांदा मोकळेपणानं रडली, असं म्हणतात.

त्या सुनेला काय हवं होतं? चिंचेचा कोवळा पाला. चार पावलांवर झाड होतं.

त्यानंतर येसूनं खाडीकडचं दार उघडलं आणि गावापुढं गोष्ट मांडली. गावदेवीच्या देवळामागं तळं आहे ना, त्यात जिताडे सोडायचे. जिताडा खाऱ्या पाण्यातला असला तरी गोड्या पाण्यात मजेत राहतो, वाढतो. होड्या वर काढायच्या आधी, त्या चांगल्या ओल्या आणि घट्ट असताना, सवडीनं थोडे जिताडे धरायचे आणि तळ्यात सोडायचे. म्हणजे वैशाखात कुणाच्या घरी गरज पडली तरी कोरड्या होडीला कुणी हात लावायला नको. पदूनं त्यासाठी वेगळा गळ केला. त्याला उलटा काटा ठेवला नाही, नुसतं गुळगुळीत टोक. असा गळ माशाच्या तोंडातून अलगद निघतो आणि मासा जगतो. फक्त दोर एवढासासुद्धा सैल सोडायचा नाही, नाहीतर मासा हसत निघून जातो. होडीत अर्धं पाणी भरायचं, त्यात मासा ठेवायचा आणि सावली करून आणायचा. आजही आपल्याकडं चैत्रात असंच करतात आणि त्या गळाला जोमाचा गळ म्हणतात. पदूचा म्हणत नाहीत. पदूला ते चाललं.

आणि होड्या. तिवरखारात अजून लाकडाची होडी बुडवल्याशिवाय सुटत नाही. बुडवताना घरातलं सगळ्यात उतावळं माणूस असतं त्यालाच तिच्याजवळ पाण्यात उभं करतात, आणि फळीवर हात ठेवून त्यानं म्हणायचं असतं, "जोमाआज्या, पिऊ दे तिला. आमाला घाई नाय." माझ्या नवऱ्यानं ते दर वर्षी म्हटलं. दुसरं कोण म्हणणार होतं?

आणि राहिला तो जिताडा. गावात कुणाला सातवा लागला की तळ्यातला एक जिताडा काढतात आणि सकाळी तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवतात. तिनं मागायची वाट बघत नाहीत. पहिल्यांदा येसूच नेऊन ठेवायची, म्हातारी होऊन कमरेत वाकली तरी. तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी, आता गेली बरीच वर्षं मी नेते. ठेवून नुसतं परत यायचं नसतं. समोर बसायचं आणि म्हणायचं, "हा जोमाआज्याचा. ह्याचं काय ते घरचे बघतील. आता तुझं काय ते सांग." आणि ती सांगेपर्यंत उठायचं नाही.

मागच्या वर्षी वाडीतल्या त्या घाटावरून आलेल्या सुनेकडं गेले. तिच्या माहेरी सगळे माळकरी, मासा बघून तिनं नाकाला पदर लावला. मी म्हटलं, राहू दे बाय, तू नको खाऊ. पण मी काही उठायची नाही. बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला. तिची सासू आतबाहेर करून दमली. मग ती पोर खाली बघत म्हणाली, "मला आईला बघायचंय." एवढंच. इतके महिने ते पोटात धरून बसली होती.

तिचा नवरा ओट्यावरच होता, त्यानं ऐकलं. लगेच उठला, चप्पल घातली, गाडीची किल्ली घेतली, मी आत्ता जातो आणि संध्याकाळपर्यंत आईला घेऊन येतो म्हणाला. मी त्याचा हात धरून खाली बसवला. म्हटलं, आधी गाडीचे ब्रेक तपासून आण, जेव, आणि मग निघ. आई तिची कुठं पळून जात नाही.